मदत हवी आहे: कोलाजेनचं जनुक गुणसूत्र १९ वर सापडतच नाही

मृगाची_सर:
सोमवारी गाईडना टेबल दाखवायचंय आणि तीन दिवस मी एकाच ओळीवर अडकलेय. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, हाडांतल्या प्रथिनांची जनुकं कोणत्या गुणसूत्रावर. ऑस्टिओपॉन्टिन माणसात ४ वर, उंदरात ५ वर, छान जुळलं. पण कॉल१ए१ हे कोलाजेनचं जनुक १९ वर हवं, तिथे नाहीच! डेटाबेस चुकलाय का? पटकन सांगा.

पेठेतला:
ताई, कुठल्या प्राण्यात? माणसात ते १७ वर आहे, उंदरात ११ वर. हे १९ कुठून आणलं?

मृगाची_सर:
गाईच्या नकाशावरून. जवळचेच प्राणी म्हणून तेच आकडे धरले.

पेठेतला:
जवळचे म्हणजे कोण? प्राणी अजून सांगितलाच नाही तुम्ही.

मृगाची_सर:
सॉरी, म्हैस. पुढे पंढरपुरी म्हशीवर काम करायचंय.

क्रमवाचक:
नकाशे सोडा. माणसाचं प्रथिन घ्या, म्हशीच्या जिनोमवर ब्लास्ट करा (क्रम जुळवून शोधणारा प्रोग्राम), जागा लगेच कळते. पीएचडीभर मी हेच केलं.

काचपट्टी:
जागा कळेल, कारण कळणार नाही. आणि कोलाजेनचं खानदान मोठं, कॉल१ए२ किंवा कॉल२ए१ अशा सारख्याच दिसणाऱ्या जनुकावर जाऊन बसाल. ताई, गाईला ६० गुणसूत्रं, आपल्या म्हशीला ५०. गाईच्या दहा जोड्या दोन-दोन चिकटून म्हशीच्या पहिल्या पाच जोड्या झाल्यात. त्यात गाईचं ८ आणि १९ मिळून म्हशीचं ३. म्हशीचं १९ वेगळंच आहे, तिथे शोधून काय मिळणार? मी स्लाइडवर ही गुणसूत्रं मोजलीत, ती पाच लांब, दोन भुजांची लगेच ओळखू येतात.

क्रमवाचक:
म्हणून तर सगळ्या हिट्सची, म्हणजे जुळलेल्या जागांची, टक्केवारी बघायची असते. स्लाइड करायला लॅब लागते, विद्यार्थ्याने ती कुठून आणायची?

काचपट्टी:
स्लाइड करा असं मी कुठे म्हटलं? टक्केवारीपेक्षा शेजार बघा. कॉल१ए१ ला लागून एसजीसीए हे जनुक हवं.

नाचणीसत्त्व:
हाडांसाठी नाचणी आणि तीळ रोज खा. आईचं मनगट मोडलं तेव्हापासून आमच्या घरी हेच चालू आहे.

गंगावेस_धार:
आमच्या चार म्हशी आहेत, कट्ट्यावर समोर धार काढून देतो. फॅट वाढवणारं जनुक कुठलं, ते सांगा की कुणीतरी.

काचपट्टी:
भाऊ, गाईत ६ वर ऑस्टिओपॉन्टिनच्या जवळच एबीसीजी२ हे जनुक आहे. दुधावरचा परिणाम यातल्या कुणाचा, यावर २००५ मध्ये दोन गटांनी दोन उत्तरं दिली. पण ते काम गाईंवरचं, त्यावरून म्हैस निवडू नका.

मृगाची_सर:
सापडलं! ३ वर, एसजीसीए अगदी शेजारी. पण ऑस्टिओपॉन्टिन म्हशीत ७ वर दिसतंय. गाईत ६ ना? तेही चिकटलंय का?

काचपट्टी:
नाही. गाईचं ६ तेच म्हशीचं ७, फक्त क्रमांक बदलला. ऑस्टिओकॅल्सिन या हाडातल्या प्रथिनाचं जनुकही तपासा. गाईत ३ वर, मेंढीत १ वर, कारण मेंढीत गाईचं १ आणि ३ जोडलंय. उंदरात त्याच्या तीन प्रती आहेत, टेबलात एकच लिहू नका.

मृगाची_सर:
एकच लिहिली होती. मेंढीलाही ३ दिलं होतं. म्हशीचा अख्खा रकाना पुन्हा करते, आज रात्रीच.