अनुभव धागा : तुमच्या जादूच्या राज्यात त्या दोघी कशा आल्या?

मराठवाड्यातल्या लिहित्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो, फँटसी लिहिताना एकमेकींवर जीव असलेल्या बायका, ऑटिस्टिक (स्वमग्न) किंवा एडीएचडी असलेली (लक्ष एका जागी टिकवणं जड जाणारी) पात्रं तुम्ही कशी लिहिलीत? कुठं अडलात, काय खोडलंत, कुणी वाचून काय सांगितलं? सल्ले नकोत, स्वतःचा अनुभव लिहा, लांबला तरी चालेल. सुरुवात मी करते.

धाराशिव

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जुना बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की वरून दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. शाळेच्या सहलीत पाहिलेलं ते पाणी डोक्यातून कधी गेलंच नाही. माझी कादंबरी तिथूनच निघाली. नायिका पाण्याची राखणदार, ऑटिस्टिक. त्या राज्यात हा शब्द नाही, म्हणून मी तो कुठंच लिहिलेला नाही.

पहिल्या खर्ड्यात तिला मी आवाजावरून पूर कळण्याची शक्ती दिली होती. एका मैत्रिणीला वाचायला दिलं. तिला स्वतःला ऑटिझम असल्याचं एकोणतिसाव्या वर्षी कळलं. ती म्हणाली, "पूर सांगती म्हणून गाव हिला सांभाळायलंय. उद्या नाही सांगता आला, तर?" मला उत्तर देता आलं नाही.

दोन महिने वही उघडली नाही. मग ती विद्या सगळ्याच राखणदारांना दिली, शिकून येणारी. हिलाही ती येते, पण भर पावसात तोच आवाज हिला सोसत नाही. कानात कापूस घालून ती तिसऱ्या पायरीवर बसते आणि ओल्या दगडावरची एकच खाच बोटानं परत परत चाचपत राहते. नावाडीण येऊन शेजारी बसते. हात लावत नाही. कंदील तेवढा एक पायरी खाली ठेवते, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. एवढं लिहिलं तेव्हा त्यांचं प्रेम मला पहिल्यांदा खरं वाटलं. आणि हो, धबधब्यांची नावं बदलली : थोरली आणि धाकटी.

छत्रपती संभाजीनगर

माझी अडचण व्याकरणाची होती. "तिने तिच्या केसांतून तिचा हात काढला." कुणी, कुणाच्या, कुणाचा? तो आणि ती असले की सर्वनामं आपोआप वेगळी पडतात. इथं दोघी 'ती'. आधी मी "सावळी", "उंच मुलगी" असं लिहीत गेले. पण दहा वर्षं एका खोलीत राहिलेली बाई आपल्या माणसाकडे "उंच मुलगी" म्हणून बघत नाही. शेवटी एकीच्याच तोंडून सगळं सांगितलं, मी आणि ती. निम्मा गुंता सुटला.

उरला हाकेचा. आमच्या घरात आई बाबांना "अहो" म्हणते, बाबा आईला "अगं". माझ्या दोघींत अहो कोण म्हणणार? मी दोघींनाही "अगं" दिलं. भांडण झालं की मात्र दोघी एकमेकींना "अहो बाई" म्हणतात.

आणखी एक. मराठीत क्रियापदच सांगून टाकतं की बोलणारी बाई आहे. त्यामुळे "ती व्यक्ती कोण?" हे लपवून शेवटी वाचकाला धक्का द्यायची सोय फारशी नाही. मला ते मनापासून आवडलं. कुणाचं असणं हा धक्का कशाला व्हावा?

नांदेड

मला एडीएचडी आहे. माझी जादूगारीण मंत्र अर्धा सोडून दुसरीकडे वळते. ती आळशी नाही हे मला एका वाक्यात सांगायचं होतं, जमेना. मग तिला चुलीवर दूध ठेवून विसरायला लावलं, आणि पातेलं करपल्यावर ती घासत बसते, घासता घासता रडते, ते लिहिलं. त्यात सगळं आलं.

परभणी

माझा मुलगा स्वमग्न आहे, अकरा वर्षांचा. तो लहान असताना लोकांनी अंगारे दिले, उतारे टाकायला लावले, "बाहेरचं झालंय" म्हणाले. हे सगळं सोसलेली मी, आणि माझ्याच गोष्टीच्या शेवटी देवी प्रसन्न होते आणि मुक्या पोराला "बरं" करते, असं लिहून बसले!

रात्री त्याला वाचून दाखवलं. तो फरशीच्या रेघेवर ज्वारीचे दाणे मांडत होता, एकाला एक चिकटून. ऐकतोय असं वाटलंच नाही. संपल्यावर मान वर न करता म्हणाला, "पहिला मुलगा कुठं गेला?"

तो शेवट मी त्याच रात्री फाडला. आता देवीच त्या पोराशी दाणे मांडून बोलायला शिकते. तिला वेळ लागतो, पुष्कळदा चुकते.

लातूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. पत्र्याच्या शेडमध्ये वाढले. कोण कुणाचं, कुणाचं घर कुणाच्या नावावर, हे बोलणं तेव्हापासून कानावर आहे.

माझ्या कादंबरीत जमिनीखालचा नाग कूस बदलतो, गाव पडतं आणि दुसरीकडे वसतं. तिथं घर चुलीवर मिळतं. एका चुलीवर जेवणारे ते एक घर. दोन कुंभारणी पुढे येतात. कारभारी एवढंच विचारतो, "भाकर कोण थापतंय, कोण भाजतंय?" एक म्हणते, "मी थापते, ही भाजते." नोंद होते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्या रात्री मी हे प्रकरण लिहिलं. माझी जोडीदार शेजारी पेपर तपासत होती. आमचं घर भाड्याचं आहे. घरमालकांना आम्ही मावसबहिणी म्हणून सांगितलंय.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक, बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या मुलीचं, १९८१ साली रंगमंचावर आलं. कॉलेजात असताना ते हाती लागलं, मी ते कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपत होते. पण मित्रा शेवटी जीव देते. म्हणून माझ्या दोघींना म्हातारं करायचं हे पहिलं पान लिहिण्याआधीच ठरलं होतं. शेवटच्या प्रकरणात थापणारीचे दात गेलेत. भाजणारी भाकर दुधात कुस्करते, बोटानं गरम किती ते बघते आणि वाटी तिच्यापुढे सरकवते.