लांबी वाढली, पण तिसऱ्या रांगेत नव्हे

ह्युंदाईच्या नव्या अल्काझारची, म्हणजे तीन रांगांच्या मोठ्या गाडीची, लांबी ४५०० वरून ४५६० मिलिमीटर झाल्यामुळे तिसऱ्या रांगेतील अडचण दूर झाली असावी, असे कुणाला वाटेल. त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ह्युंदाईने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेल्या या सुधारित गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) पूर्वीइतकाच, म्हणजे २७६० मिलिमीटर आहे; त्यामुळे वाढलेल्या लांबीचा तिसऱ्या रांगेला फारसा उपयोग नाही. मागे बसणाऱ्याच्या दृष्टीने खरा बदल वेगळाच आहे: सहा आसनी गाडीत मधल्या दोन स्वतंत्र आसनांमध्ये पूर्वी जो पक्का कन्सोल होता, तो काढून टाकल्यामुळे आता आसन न दुमडता मधूनच मागे जाता येते. तरीही मागे गुडघे वर येतात आणि पुणे-कोल्हापूर एवढ्या प्रवासातही मोठ्या माणसाच्या मांड्यांना पुरेसा आधार मिळत नाही. ती जागा नातवंडांचीच.

सामानाचा प्रश्न अधिक बिकट आहे. तिन्ही रांगा वापरात असताना डिकीत १८० लिटर जागा उरते, म्हणजे दोन लहान बॅगा आणि फार तर फराळाचा डबा. सहा जण चार दिवसांसाठी निघणार असतील, तर टपावर कॅरिअर लागेलच.

इंजिनाबाबत म्हणाल, तर टर्बो पेट्रोलची शक्ती १६० पीएस आणि डिझेलची ११६ पीएस असली, तरी टॉर्क (गाडी ओढण्याचा जोर) अनुक्रमे २५३ आणि २५० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास सारखाच आहे; त्यामुळे गाडी वर्षभरात फार धावणार नसेल, तर मी पेट्रोलच घेईन. चाचणीच्या वेळी मात्र घरातील ज्येष्ठांना सोबत न्यावे आणि मधल्या आसनावर दोनदा चढ-उतार करून पाहायला सांगावे.