‘संगमरवरी हाड’ म्हणजे मजबूत की ठिसूळ?

प्रश्न : क्ष-किरण तंत्रज्ञ, अंबाजोगाई

रिपोर्टात ‘मार्बल बोन डिसीज’ असं लिहून आलं की घरच्यांना मराठीत काय सांगायचं? ऑस्टिओपेट्रोसिस हा आजार फार क्वचित दिसतो, पण एकदा दिसला की त्याच्या नावावरून होणारा गोंधळ पुढे वर्षानुवर्षं त्या घरात राहतो. छापील माहितीत ‘संगमरवरी हाडे’ असं भाषांतर वाचलंय. ‘अस्थिकाठिण्य’ही वाचलंय. दोन्ही शब्द ऐकून एका आजीनं विचारलं, “मंजी हाडं घट हायेत म्हना की लेकराची. मंग मोडूलालेत कामून?”

प्रश्न अगदी बरोबर होता. ‘घट’ हा आमच्याकडे कौतुकाचा शब्द आहे. संगमरवर म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढे बीबी का मकबऱ्याचा घुमट येतो, आणि काठिण्य म्हटलं की न मोडणारी वस्तू. त्या लेकराचं मांडीचं हाड मात्र नुसतं घसरून पडल्यानं मोडलेलं.

फिल्मवर काय दिसतं ते सांगतो, म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल. नेहमीच्या नळीच्या हाडात दोन्ही कडांना पांढरी भिंत दिसते आणि मधे करडी पोकळी, मज्जेची. इथे ती पोकळीच नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखं पांढरं. आधी वाटतं की किरण कमी पडले. पण आजूबाजूचं मांस, चरबी, कातडी सगळं नीट उमटलेलं असतं. आत डोकावू देत नाही ते फक्त हाड. मणक्यांत वरखाली पांढरे पट्टे आणि मधे जरा फिकट पट्टा. कमरेच्या हाडात तर बाहेरच्या आकाराच्या आत त्याच आकाराची आणखी एक छोटी रेघ दिसते. त्याला आम्ही आपसांत ‘हाडात हाड’ म्हणतो आणि तो शब्द मला चपखल वाटतो. मुख्य नावाचं काय करायचं?

उत्तर : अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड

नाव कुठून आलं ते आधी सांगते. हॅम्बुर्गचे क्ष-किरणतज्ज्ञ हाइनरिख आल्बर्स-श्योनबर्ग यांनी १९०४ साली हा आजार क्ष-किरण चित्रांवरून वर्णिला. रॉन्टगेननी किरण शोधले १८९५ मध्ये. म्हणजे जिवंत माणसाचं हाड बाहेरून बघता येऊ लागल्यावर जेमतेम नऊ वर्षांत हे वर्णन झालं. ‘ऑस्टिओपेट्रोसिस’ हे ग्रीक नाव नंतरचं, १९२६ चं. त्यातल्या ‘पेट्रा’चा अर्थ खडक. संगमरवर काय नि खडक काय, दोन्ही नावं काचेवर दिसणाऱ्या पांढरेपणावरून आणि घनतेवरून पडली. हाड किती भार सोसेल याच्याशी त्या नावांचा संबंध नाही. (आल्बर्स-श्योनबर्ग यांचा डावा हात याच किरणांच्या इजेमुळे कापावा लागला आणि १९२१ साली त्यातूनच त्यांचा मृत्यू झाला. तंत्रज्ञ दादा, शिशाचा एप्रन घालताना हे नाव जरूर आठवा.)

आता हाड गच्च का होतं ते. आपलं हाड आयुष्यभर मोडून बांधलं जात असतं. एका प्रकारच्या पेशी नवं हाड घालतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी जुनं हाड खाऊन टाकतात. या आजारात खाणाऱ्या पेशी एकतर तयार होत नाहीत किंवा असूनही काम करत नाहीत. बहुतेकदा दोष असतो आम्ल तयार करण्याच्या क्षमतेत, कारण आम्लाशिवाय हाडातला चुना विरघळत नाही. त्यामुळे जुनं हाड जागेवरच राहतं आणि त्यावर नवं चढत जातं. बाळपणीचं कच्चं हाडही आत तसंच राहून जातं. तुमच्या ‘हाडात हाड’चं कारण तेच. भार आणि ताण कुठून कुठे जातो हे पाहून हाडाची जी रोजची डागडुजी होते, ती इथे होत नाही. म्हणून माल भरपूर असूनही रचना वाईट. असं हाड आडवं, सरळ रेषेत मोडतं, खडू मोडावा तसं. खडू कडकच असतो, पण वाकत नाही.

मोडण्यापेक्षाही मला भीती असते ती पोकळी भरल्याची. मज्जेला जागा उरली नाही की रक्त कमी पडतं आणि तिचं काम करता करता प्लीहा वाढते. कवटीतल्या ज्या छिद्रांतून नसा जातात ती आवळली की नजर जाते, कधी ऐकू येणं कमी होतं. हे तान्ह्या बाळांत दिसणाऱ्या जहाल प्रकारात. तो साधारण अडीच लाख जन्मांत एक इतका दुर्मीळ आहे, आणि त्याच्या बहुतेक रूपांत आई आणि वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, त्यामुळे असा दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. घराण्याची माहिती विचारताना ‘नात्यातलं लग्न आहे का’ हे मी नेहमी विचारते. विचारण्यात दोष देणं नसतं, हेही लगेच सांगते. वेळेत कळलं तर मूलपेशी प्रत्यारोपण हा उपाय आहे, पण गेलेली नजर त्यानं परत येत नाही. मोठेपणी कळणारा सौम्य प्रकार त्या मानानं जास्त आढळतो, वीस हजारांत एक असा अंदाज दिला जातो. कित्येकांना तो दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्सरेत कळतो.

शब्दाचं म्हणाल तर ‘अस्थिकाठिण्य’ मी वापरत नाही. तो ऐकून लोक निर्धास्त होतात.

उत्तर : मराठीच्या शिक्षिका, लातूर

अडचण ‘ठिसूळ’चा विरुद्धार्थी शब्द आपण काय धरतो इथे आहे. शाळेत मुलांना विचारलं तर पटकन ‘कठीण’ किंवा ‘टणक’ म्हणतात. पण ठिसूळच्या उलट आहे ‘चिवट’. काच टणक असते आणि ठिसूळही असते. चामडं मऊ असतं आणि चिवट असतं. टणक-मऊ ही एक जोडी, चिवट-ठिसूळ ही दुसरी. निरोगी हाड टणक असतं आणि चिवटही असतं. डॉक्टर मॅडमनी सांगितलेल्या आजारात टणकपणा राहतो, चिवटपणा जातो. मराठीत हे एका वाक्यात बसतं : “हाड टणक आहे, पण चिवट नाही.”

दवाखान्यात मात्र सगळ्यालाच ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणतात. म्हातारपणी हाड विरळ होतं, तेही ठिसूळ. मुडदूस झालेल्या लेकराचं हाड मऊ पडून पाय वाकतात, तेही ठिसूळ. आणि हे गच्च भरलेलं, तेही ठिसूळच. ठिसूळ हा परिणाम झाला, त्यावरून कारण कळत नाही. कारणासाठी आपल्याकडे साधे शब्द आहेत : विरळ, मऊ, दाट. ते वापरले तर घरच्यांना हेही उमगेल की शेजारच्या काकूंच्या कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या लेकराला लागू पडतीलच असं नाही.

‘अश्मास्थी’ असा संधी करता येईल, व्याकरणात चूक काही नाही, पण तो शब्द परीक्षेच्या पेपरापुरताच राहील. ‘संगमरवरी’ हा फारसीतून आलेला देखणा शब्द आहे. ‘संग’ म्हणजेच दगड. देखणेपणा हीच त्याची अडचण. आजाराच्या नावात तो नको.

उत्तर : आरोग्य सेवक, किनवट

मध्येच बोलतो, पण हे महत्त्वाचं वाटलं. आमच्या तालुक्यात ‘एक्सरेत हाड पांढरंफटक’ म्हटलं की आधी पाण्याचा विचार करावा लागतो. इथल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्याच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर तपकिरी डाग आणि पुढे हाडांत दाटपणा येतो. भारतात हाडांच्या फ्लोरोसिसचं वर्णन १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातून झालं, म्हणजे हा काही नवा आजार नाही.

लोक याला आजाराचं नाव देत नाहीत. ‘पाठ धरली’, ‘सांधे धरले’, ‘मान वळत नाही’ असं सांगतात. ‘धरणे’ हे क्रियापद मी रिपोर्टवाल्यांनाही समजावून सांगतो, कारण ते फार अचूक आहे. फ्लोरोसिसमध्ये हाडाभोवतीचे बंध आणि पडदेही चुन्यानं भरतात. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांमधल्या पडद्यावर एक्सरेत पांढरी, काटेरी रेघ दिसते. ती दिसली की आम्ही गावाचं नाव आणि बोअर विचारतो. संगमरवरी हाडाच्या आजारात ही रेघ नसते, आणि तो जन्मानं आलेला असतो. म्हणून माझी विनंती अशी की नवा शब्द नुसता ‘पांढरं हाड’ असा नको. एकाचा उपाय पाणी बदलणं आहे, दुसऱ्याचा नाही.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

एक तिसरंही लक्षात असू द्या. पिक्नोडायसोस्टोसिस. १९६२ साली फ्रान्सच्या मारोतो आणि लामी यांनी ते वेगळं काढलं. त्यातही हाडं दाट आणि मोडकी, पण मूल बुटकं राहतं, बोटांची टोकं आखूड होतात आणि टाळू भरत नाही. आई स्वतःच सांगते, “डॉक्टर, ह्याची टाळू अजून भरली न्हाई.” या आजारात मज्जेची पोकळी सहसा पूर्ण बुजत नाही. त्यामुळे रक्ताची ती गंभीर तक्रार बहुधा नसते.

उत्तर : विज्ञान शिक्षक, परभणी

मांडीच्या हाडाचं खालचं टोक ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये फुगलेलं दिसतं, त्याला इंग्रजीत एर्लेनमायर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या काचपात्राचं नाव आहे. काही ठिकाणी त्याचं भाषांतर ‘चंबूसारखे’ केलेलं पाहिलं. चंबू गोल बुडाचा असतो. एर्लेनमायरचं पात्र म्हणजे आपलं प्रयोगशाळेतलं शंकूपात्र : वर अरुंद, खाली पसरत गेलेलं. हाडही तसंच पसरत जातं, कारण वाढताना त्याला घासून कमरेत बारीक करणाऱ्या पेशीच काम करत नाहीत. तेव्हा ‘शंकूपात्रासारखं टोक’ म्हणा. दहावी झालेल्या कुणालाही कळेल.

आणि मुख्य नावासाठी डॉक्टर मॅडमनी सहज वापरलेलाच शब्द घ्या की : ‘गच्च’. ‘दाट’ म्हटलं तर वरण आठवतं, केस आठवतात. ‘गच्च’ म्हटलं की आत जागा उरली नाही हे आपोआप कळतं, आणि आजाराचं मूळ दुखणं तेच आहे.

प्रश्नकर्ता, अंबाजोगाई

‘गच्च’ पटला. आजीला हाच शब्द वापरून सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ‘मंग रक्त कुठं तयार व्हतंय?’ असा आला असता, आणि तो योग्य प्रश्न ठरला असता.

किनवटच्या भाऊंचं म्हणणं धरून नावात ‘जन्मजात’ घालतो. वैद्यकीय नाव काढायचं नाही, कारण पुढच्या शहरातल्या डॉक्टरांना तेच लागेल. फिल्मच्या पाकिटात ठेवायला मसुदा असा केलाय, दुरुस्त्या सुचवा :

“आजाराचे नाव ऑस्टिओपेट्रोसिस. मराठीत : जन्मजात गच्च-ठिसूळ हाडे. हाडे एक्सरेत जास्त पांढरी दिसतात, पण जास्त मजबूत नाहीत. टणक आहेत, चिवट नाहीत. थोड्या पडण्यानेही मोडू शकतात. हाडाच्या आतली मज्जेची जागा भरत जाते, म्हणून रक्त, नजर आणि ऐकणे यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. कॅल्शियम किंवा हाडाचे कोणतेही औषध मनाने देऊ नये. हाड चोळून किंवा ओढून बसवून घेऊ नये.”

अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड

मसुदा चांगला आहे. एक ओळ वाढवा, आणि ती ठळक छापा : “दात काढण्यापूर्वी हा कागद दाताच्या डॉक्टरांना दाखवावा.” या हाडांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे दात काढल्यावर जबड्याची जखम चिघळून हाडात पू होतो आणि तो महिनोन्‌महिने हटत नाही. घरचे पडण्याला जपतात, दाताचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रश्नकर्ता, अंबाजोगाई

वाढवली, मॅडम. ‘दाताच्या डॉक्टरांना’ याच्या पुढे ‘गावात दात काढणाऱ्यांनाही’ हेही घातलंय. आठवडी बाजारात दात काढून देणारे अजून बसतात.