'एकरंगी तगडा हात' : बरोबर आहे का? आणि तो बोलायचा कसा?

— ब्रिज या पत्त्यांच्या खेळावर मराठीत चार ओळी खरडायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. एकाच रंगाची सहा-सात पानं, बाकी तिन्ही रंगांत बोलण्यासारखं काही नाही पण गुण (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) मात्र भरपूर, अशा हाताला काय म्हणायचं? 'एकरंगी तगडा हात' लिहिलं तर बायको म्हणते, म्हणजे तेराच्या तेरा इस्पिक आली की काय! पानं देतोच : इस्पिक एक्का राजा राणी दश्शी अठ्ठी छक्की, बदाम एक्का तिर्री, चौकट राजा पंजी, किलवर सत्ती चौकी दुर्री. गुण 16.

— एकरंगी नकोच. रंग म्हटलं की आधी लाल-काळं डोळ्यापुढे येतं, त्यात एकरंगी म्हणजे सरळसरळ साडी वाटते :) आम्ही तीनशेचार (हाही पत्त्यांचाच खेळ) खेळणारी माणसं, 'इस्पिक लांब आहे' म्हणतो, भिडूला कळतं (खरं तर कळायला नको, ती चिटिंग झाली).

— तुमचा खरा घोळ 'हात' या शब्दाचा आहे. वाटलेली 13 पानंही हात आणि 'किती हात झाले?' मधला, म्हणजे जिंकलेली चार पानांची फेरी, तो पण हात. पण इथे तो घोळ चक्क उपयोगी पडतो बघा, कारण लांब रंगाच्या हातात नुसते गुण मोजून भागत नाही, हातातले हात मोजायला लागतात. इस्पिकचे सहा धरा, बदामचा एक्का सात, चौकटचा राजा अर्धा, झाले साडेसात. आता एक इस्पिक बोला (बोली म्हणजे सहाच्या वर किती हात करू आणि हुकूम कोणता), भिडू एक बिनहुकुमी म्हणाला तर दोन नाही, सरळ तीन इस्पिक. तीनचा अर्थ, माझ्याकडे सहा पानं आणि 16 ते 18 गुण आहेत, तुझ्याकडे थोडं काही असेल तर चार कर. नुसतं दोन म्हणालात तर तो 12-13 गुणांचा साधा हात समजून पास देईल आणि त्याची काही चूक नाही. हेच स्वतःच्या बळावर नऊ हात दिसत असते तर दोन किलवरनं उघडायचं (म्हणजे पहिली बोली ती द्यायची), त्या बोलीचा किलवरशी काही संबंध नाही, हात जबरदस्त आहे अशी नुसती आरोळी आहे.

— 'तगडा' कशाला लावताय तेही ठरवा. तगडा रंग वेगळा, तगडा हात वेगळा. राजा राणी गुलामासकट सात इस्पिक आणि बाहेर शून्य, तर रंग तगडा पण हात फाटका, तिथे तीन इस्पिकनं उघडून समोरच्यांची वाट अडवायची. माझी यात एकदा चांगलीच जिरलीय. जुन्या पद्धतीत दोन इस्पिक म्हणजे भरभक्कम, आठेक हात खिशात, आणि आता बहुतेक टेबलांवर त्याचा अर्थ सहा पानं आणि कमजोर हात. नवीन भिडू, आधी विचारलं नाही, मी 20 गुणांवर ऐटीत दोन इस्पिक, त्याने आठ गुण हातात घेऊन शांतपणे पास! बारा हात झाले. लिहिले 230, सहा बोललो असतो तर व्हल्नरेबल (ज्या डावाला बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त) नसतानाही 980. चहा पिताना कोणी कोणाशी बोललं नाही.

— काका, आणि समोरच्याने आधीच एक बदाम उघडलं तर?

— मग 16 ला नुसतं एक इस्पिक पुरे. 18 च्या आसपास असेल तर आधी डबल (म्हणजे माझ्याकडे जोर आहे, तुझा रंग सांग), भिडू काहीही बोलो, मग आपलं इस्पिक. फक्त मधे समोरच्यांनी चार बदामपर्यंत उडी मारली तर आपला रंग न सांगताच राहतो आणि मग चारवर इस्पिक सांगायला छाती लागते, म्हणून मी सीमेवरच्या हाताला डबल टाळतो.

— मूळ प्रश्न राहिला ना राव. 'एका रंगावर उभा हात' कसं वाटतं?

— उभा आवडला. तगडा काढून टाकतो, गुण आकड्यात लिहितो. बायकोला वाचून दाखवलं, तिचा प्रश्न आता असा की उभा हात म्हणजे शाळेत करतात तो का.