समुद्र संवर्धनाचे अनुदान: आधी यंत्रे की आधी माणसे?

हर्णैकर (चर्चाप्रस्ताव)

परवा एक टिपण वाचनात आले. समुद्र संवर्धनाचे अनुदान यापुढे केवळ डेटावर आधारलेल्या प्रकल्पांनाच द्यावे, कारण मोजमाप नसलेल्या कामातून काय साधले हे पैसे देणाऱ्याला कळत नाही, असे त्या लेखकाचे म्हणणे होते. कोकणातल्या ऑलिव्ह रिडले कासवांना सॅटेलाइट टॅग (उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारी उपकरणे) लावल्याचे त्यात मोठे कौतुक होते आणि किनाऱ्यावर घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांची, म्हणजे कासवमित्रांची, बोळवण 'स्थानिक सहकार्य' या दोन शब्दांत केली होती. त्यावर गप्प बसणे मला जमले नाही.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी कासवांच्या घरट्यांचे काम सुरू केले, तेव्हा उपग्रहाचा काही संबंध नव्हता. भरतीने माग पुसण्याआधी पहाटे पुळण (वाळूचा किनारा) पालथी घालायची, मादीच्या मागावरून जागा हेरायची, काठीने वाळू चाचपून घरटे शोधायचे, अंडी मोजून हॅचरीत (कुंपणाने राखलेल्या जागेत) तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि तारीख, वेळ, अंड्यांची संख्या वहीत लिहायची, हे काम गावच्या माणसांनी केले. पुढे दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्लेही त्याच वहीत मोजली जातात. ही वही म्हणजे डेटा नव्हे काय? तरीही अनुदानाच्या अर्जात उपकरणे, सॉफ्टवेअर आणि सल्लागार यांचे रकाने आधी भरले जातात आणि वही लिहिणाऱ्याच्या वाट्याला हंगामापुरते मानधन उरते.

ज्यांना यंत्रांचेच पुरावे लागतात त्यांनी एक घटना लक्षात घ्यावी. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला धातूची साधी पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिम किनाऱ्यावरही घरटी करतात, हे त्या स्वस्त पट्टीने आणि रात्री गस्त घालणाऱ्या माणसाने दाखवून दिले.

सांख्यिकी

कासवमित्रांबद्दल मला आदर आहे, पण आपण निवडलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. धातूच्या पट्टीवरून कासव कुठून निघाले आणि कुठे सापडले एवढे दोनच बिंदू कळतात. मधल्या वर्षांत ते कोणत्या मार्गाने फिरले, किती काळ ट्रॉलरांच्या (मागे मोठे जाळे ओढणाऱ्या यांत्रिक नौकांच्या) पट्ट्यात राहिले, याविषयी ती पट्टी काहीही सांगत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली 'बागेश्री' ही मादी कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडून बंगालच्या उपसागरात गेली, हे आपल्याला वाटेवरच्या नोंदींसह माहीत आहे. शिवाय वहीत येते ती फक्त अंडी घालायला आलेली मादी. नर जवळजवळ कधीच किनाऱ्यावर येत नाहीत आणि कासवे जाळ्यात अडकून मरतात तीही समुद्रातच.

भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची बाजारपेठ २०१९ पासून बंद आहे, कारण आपल्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत कासवे निसटून जाण्याची सोय नाही. तिथे भावना चालत नाहीत, पुरावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने उपग्रहांच्या प्रतिमा संगणकाकडून तपासून घेतल्या आणि जगातल्या मोठ्या मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजांचा सार्वजनिक माग लागतच नाही, असे दाखवले. कितीही पुळणी पालथ्या घातल्या तरी हे कळले नसते.

मालवणचो

तो अभ्यास मोठ्या जहाजांचा आहे. आमच्या पातीवर (लहान होडीवर) आणि रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) त्याने काय प्रकाश पडतो, ते सांगावे. मूळ प्रश्न वेगळाच आहे. डेटा घेणारा कोण आणि तो पुढे कोणाविरुद्ध वापरला जाणार, हे जोवर मच्छीमाराला सांगितले जात नाही तोवर तुमचे तक्ते अर्धवटच राहतील. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आमच्या वडिलांच्या पिढीला ते गॅझेटमध्ये छापून आल्यावर कळले. तेव्हापासून घरोघरी एकच शिकवण आहे, की प्रवाळ कुठे आहे, कोणते मासे कुठे अंडी घालतात, हे कागद घेऊन आलेल्या माणसाला सांगायचे नाही.

पुळणीवरची

मालवणचो, आपला मुद्दा समजतो, पण दर चर्चेत १९८७ आणून ठेवायचे आणि पुढचे बोलणेच थांबवायचे, ही सवय आता बरी नव्हे. त्याच प्रवाळावर आज आपल्या गावातली मुले पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेऊन पोट भरतात. तो प्रवाळ पांढरा पडतो आहे की सावरतो आहे, हे दरवर्षी मोजायला नको? अभ्यासकाला शत्रू मानल्याने प्रवाळ वाचणार आहे का?

मालवणचो

ताई, शत्रू हा शब्द माझा नाही, तो माझ्या तोंडी घालू नये. माझ्या धाकट्या भावाने गिलनेटमध्ये (पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यात) अडकलेला व्हेल शार्क हा संरक्षित मासा सोडण्यासाठी नवे जाळे कापले. डिसेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार अशा वेळी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण त्यासाठी छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. हलत्या होडीत एका हाताने सुरी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून त्याने ते चित्रण केले. अर्ज दिल्यावर कार्यालयातून उत्तर आले, की चित्रफितीत माशाचे शेपूट नीट दिसत नाही. मासा तर गेला, आता शेपूट कुठून दाखवायचे? त्यानंतर त्याने कोणालाही काही कळवलेले नाही. जाळे त्याचे गेले, नोंद मात्र तुमच्या उपयोगाची. दोन वर्षांच्या प्रकल्पावर आलेल्या संशोधकाचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो, याचा राग येणारच.

पुळणीवरची

हे वाईट झाले, आणि हा अनुभव केवळ आपल्या भावाचा नाही, हेही मी मान्य करते. पण यातून निघतो तो अर्थ आपल्या म्हणण्याच्या उलट आहे. भरपाईचे सगळे अर्ज नीट जपले तर व्हेल शार्क कोणत्या महिन्यात, कोणत्या बंदरासमोर, कोणत्या जाळ्यात अडकतो, याची नोंद तांडेलांच्याच (होडीच्या प्रमुखांच्याच) हातून तयार होते. एवढी थेट माहिती एखाद्या बोटीवर निरीक्षक बसवून मिळणार नाही. अर्ज वेळेत निकालात काढणे हासुद्धा डेटा प्रकल्पाचाच खर्च आहे, आणि अनुदान मागणाऱ्यांनी तो उघडपणे मागावा.

सांख्यिकी

व्हेल शार्कविषयी मी आपल्याशी सहमत आहे, पण सरसकट नाही. अडकल्याच्या नोंदी जिथे मासेमारी होते तिथूनच येतात. जिथे होडी जात नाही तिथे प्राणी नाही, असा चुकीचा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. म्हणून स्वतंत्र सर्वेक्षण लागतेच. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठारावरचा प्रवाळ पाहायला २०१९ च्या अखेरीस संशोधन नौकाच न्यावी लागली. तो खर्च कोणत्या वहीतून भागणार?

आणि ज्यांना आकडे नकोत त्यांना मी विचारतो, की फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) निर्बंध घातले ते कशाच्या आधारे? या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे. मोर्चे त्याआधीही निघत होते.

मालवणचो

निर्बंध आले, पण पाळले कोणी? आमच्यासमोर हंगाम सोडून पर्ससीन चालते आणि २०१७ मध्ये बंदी घातलेले, मासे आकर्षित करणारे एलईडी दिवे रात्री किनाऱ्यावरून दिसतात. हे मोजायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही. गस्तीच्या नौकेत डिझेल भरा. अहवालाने निर्णय मिळतो, हे तुम्ही सिद्ध केले आणि मी ते नाइलाजाने स्वीकारतो. निर्णयाने मासा वाचतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

हर्णैकर

चर्चा माझ्या प्रस्तावापासून बरीच दूर गेली, तरी त्यातून मला माझी मागणी अधिक स्पष्ट मांडता येते. सांख्यिकी यांचा सॅटेलाइट टॅगचा मुद्दा मी मान्य करतो. समुद्रातल्या मार्गासाठी दुसरा उपाय नाही. परंतु त्या प्रत्येक अर्जात तीन गोष्टींची तरतूद असल्याशिवाय देणगीदाराने सही करू नये: कासवमित्राला वर्षभराचे मानधन, जमलेली माहिती मराठीत गावासमोर मांडण्याचा खर्च, आणि प्रकल्प संपल्यावर नोंदी कोण सांभाळणार याचे लेखी उत्तर. दोन वर्षांनी सर्व्हरचे भाडे थकले की नकाशे दिसेनासे होतात आणि वेळासची वही मात्र शिल्लक राहते.

सांख्यिकी

पहिल्या दोन तरतुदींना माझी हरकत नाही. तिसरीबाबत एवढेच, की तो खर्च देणगीदार जवळजवळ कधीच मंजूर करत नाहीत. अर्जात तो लिहिला म्हणून माझा एक प्रस्ताव परत आलेला आहे. आपण देणगीदारांना पत्र लिहिणार असाल तर मसुदा मला दाखवा, मी सही करीन. कासवमित्रांच्या नोंदी सॅटेलाइट टॅगला पर्याय आहेत असे त्यात एका वाक्यातही असेल, तर मात्र करणार नाही.