कलाघराचा निधी: आधी घरटी पाच हजार की आधी मोठी घरं?

दांडियाबाजारकर
आपलं मंडळ गाण्या-नाटकासाठी नवी वास्तू, कलाघर, बांधायचं म्हणतंय. मंडळाच्या ग्रुपवर काल एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं: "पाडव्याला कलाघराचं भूमिपूजन उरकून घ्या, पत्रकं छापा, घरटी पाच हजार गोळा करा. पैसा आपोआप येतो. श्रीमंतांचे उंबरठे झिजवणं बडोद्यासारख्या संस्कारनगरीला शोभत नाही." खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घालायचा नाही, म्हणून इथे लिहितोय.

पैसा आपोआप येत नाही हो. अंदाजपत्रक ५ कोटींचं. घरटी ५,००० म्हणजे १०,००० घरं लागतील. आपले सभासद सातशेच्या घरात, आणि त्यातल्या निम्म्यांची वार्षिक वर्गणी मार्चअखेर दोनदा फोन केल्यावर येते.

इमारत निधीची रीत वेगळी असते. पहिला आकडा कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने स्वतःचा लिहून द्यायचा. मग जिथून पाच, दहा, पंचवीस लाख निघू शकतात अशी वीस-पंचवीस घरं काढायची. दोघादोघांनी जायचं, नकाशा पसरायचा आणि आकडा तोंडाने उच्चारायचा. "यथाशक्ती द्या" म्हटलं की समोरचा अकराशे एकचं पाकीट हातात ठेवतो, आणि त्या घरी पुन्हा जायची सोय राहत नाही. निम्म्याहून जास्त रक्कम लेखी कबूल होईपर्यंत पत्रकही नको आणि कुदळही नको. घरटी वर्गणी शेवटी, आणि तीही जरूर घ्या.

एका संस्थेच्या बांधकाम समितीवर मी चार वर्षं होतो. भूमिपूजन दणक्यात झालं, कॉलम वर आले आणि पैसे संपले. उघड्या गजांवर तीन पावसाळे गंज चढताना पाहिला. एका निवृत्त शिक्षकांनी मला खंडेराव मार्केटपाशी थांबवून विचारलं, "माझे पंचवीस हजार यातल्या कुठल्या कॉलममध्ये आहेत?" काय सांगणार?

सुरसागरकाठी
हिशेब बरोबर असेल, पण वास्तू मग कोणाची? पंचवीस लाख देणारा उद्या सांगेल अध्यक्ष कोण, दिवाळी पहाटेला कोण गाणार, कोणाला पहिली रांग. हे मी नात्यातल्या एका संस्थेत पाहिलंय. अंताजी काळ्यांनी देशी उद्योगांसाठी पैसा फंड काढला तो माणशी एक पैसा मागून. टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. तेव्हा काय घरोघरी सावकार बसले होते? ज्याने एक वीट दिली तो वास्तू सांभाळतो. तुम्ही सातशे घरांना शेवटच्या रांगेत बसवताय.

दांडियाबाजारकर
पैसा फंडामागे वर्षानुवर्षं पेटी घेऊन गावोगाव फिरणारी माणसं होती. तशी दहा माणसं आणा, मी अकरावा. गेल्या गणपतीत वर्गणीला निघालेले आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या दोघांचे गुडघे बदललेले आहेत.

ताळेबंद
मी सीए आहे. भांडण चालू द्या, पण तीन गोष्टी आधी समजून घ्या, कारण मंडळांचे हिशेब तपासताना दरवर्षी हाच घोळ निस्तरतो.

एक, ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती म्हणजे पूर्ण माफी नव्हे. आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत. २,००० च्या वर रोख घेतलीत तर देणाऱ्याला काहीच नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्याला ही वजावटच मिळत नाही, म्हणून "टॅक्स वाचेल" या एका वाक्यावर देणगी मागू नका. आणि संस्थेने देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे वेळेत भरलं नाही तर देणगीदाराला देणगीचं प्रमाणपत्र मिळत नाही, मग तो माझ्याकडे येऊन ओरडतो.

दोन, "अमेरिकेतली मुलं देतील" हे बोलणं बंद करा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा ही परदेशी देणगी, मग त्याचा जन्म आपल्या बडोद्यातल्या बाजवाड्यातला का असेना, ओसीआय कार्ड का असेना. त्याला परदेशी देणगीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आपली नोंदणी नाही.

तीन, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, कला-संस्कृती बसते, पण सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरल्याशिवाय दारात उभं करत नाहीत.

तबलजी, कारेलीबाग
मला कलाघरच नको आहे. आकोट्याचं सयाजी नगरगृह आहे, गांधी नगरगृह आहे, विद्यापीठाचं सभागृह आहे. सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली तेव्हा आधी मौलाबक्षांसारखा गवई धरला. फैयाजखाँसाहेब इथे दरबारी गवई होते, त्यांना पगार होता. महाराजांनी कलावंत पोसला. आपण सिमेंट पोसणार. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात अडीच तास साथ केली, मिळाली शाल, श्रीफळ आणि चारशे रुपये रिक्षाभाडं. त्याच समारंभात दारावरच्या फुलांची कमान अकरा हजारांची होती. मी स्वतः बिल पाहिलं. इमारतीला देणगीदार मिळतो. वाजवणाऱ्याला मिळत नाही.

सुरसागरकाठी
नगरगृहाचं भाडं आणि ठेव भरून हौशी नाटकवाल्यांनी तालीम करायची? आम्ही एका गच्चीवर तालीम केली, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

दांडियाबाजारकर
तबलजींचं म्हणणं मला लागलं. ५ कोटींतले ५० लाख बांधकामाला न लावता कायम ठेव म्हणून बाजूला ठेवा आणि व्याज कलावंतांच्या मानधनाला, असं मी सभेत मांडेन. बाकी विरोध मला मान्य नाही.

ताळेबंद
तसं करायचं तर प्रत्येक देणगीदाराकडून "ही रक्कम कॉर्पससाठी", म्हणजे कायम निधीसाठी, असं लेखी घ्या. नंतर आठवून चालत नाही.

मांजलपूरचा नाटकवाला
खुर्चीच्या पाठीला पितळी पट्टी लावून २५,००० घ्या. साडेतीनशे खुर्च्यांचे जवळपास नव्वद लाख झाले. विषय संपला.

सुरसागरकाठी
आलात ना त्यावर! आमच्या शेजारी एका समाजाची वाडी, म्हणजे सभागृह, आहे; तिथे पायरीपायरीवर पाटी आहे, पंख्याच्या पात्यांवर नावं आहेत. गाणं ऐकायला बसलेल्या माणसाने पाठीत कोणाच्या तरी स्वर्गवासी सासऱ्यांचं नाव टोचून घ्यायचं? दान गुप्त असावं, असं आमच्या घरात शिकवलं.

मांजलपूरचा नाटकवाला
त्याच वाडीचा निधी एका बैठकीत उभा राहिला, हे का लिहीत नाही? तिथे माणूस उठतो, आकडा बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. आपल्याकडे आकडा बोलला की "फार मोठा समजतो स्वतःला". पन्नास वर्षं हेच गुप्त दान चालू आहे आणि मंडळाच्या जुन्या हॉलचे पत्रे गळतायत.

सुरसागरकाठी
माझ्या घरच्या शिकवणीवर जाऊ नका. माझ्या आईने भिशीचे सगळे पैसे त्याच हॉलच्या फरशीसाठी दिले होते आणि पावतीसुद्धा घेतली नाही.

बाजवाड्याची लेक
मी फारशी लिहीत नाही, पण पाट्यांवरून चाललंय म्हणून सांगते. माझ्या आजोबांनी आजीच्या स्मरणार्थ आपल्या जुन्या हॉलला ५०१ रुपये दिले होते, तेव्हाचा त्यांचा तीन महिन्यांचा पगार. दारातून शिरल्यावर डाव्या हाताला पांढरी संगमरवरी फरशी होती, काळी अक्षरं. लहानपणी मी त्यावर बोट फिरवून 'सौ.' वाचायला शिकले. रंगरंगोटीच्या वेळी सगळ्या पाट्या उतरवल्या, "परत लावू" म्हणाले. दोन वर्षांपूर्वी कोजागरीला मागच्या मोरीत हात धुताना पायाखालचा दगड डगमगला. उचलून पाहिला तर खालच्या बाजूला 'स्मरणार्थ', आणि आजीच्या नावातली पहिली दोन अक्षरं. बाकी फुटलेलं. आमच्या घरात पुढे कोणी मंडळाला पाच रुपयांवर दिलेले नाहीत. यादी काढताना आमच्या घराला 'कंजूष' म्हणतात, तेही मला माहीत आहे.

सुरसागरकाठी
ताई, हे मला माहीत नव्हतं. तरी खुर्च्यांवर नाव नको, यावर मी ठाम आहे. पण जुनी नावं एका भिंतीवर लावायला माझी हरकत नाही, रक्कम न लिहिता.

मांजलपूरचा नाटकवाला
रक्कम न लिहिता चालेल. नावाशिवाय नाही.

दांडियाबाजारकर
नावं लावण्याआधी ठराव करा: पाटी किती वर्षं राहणार, दुरुस्तीत उतरवली तर परत लावायची जबाबदारी कोणाची, आणि सगळ्या जुन्या देणग्यांची वही. ही वही होईपर्यंत मोठ्या घरी नकाशा घेऊन जायला मलाही तोंड नाही, हे कबूल करतो. घरटी पाच हजाराने सुरुवात करण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

बाजवाड्याची लेक
ठरावाची प्रत घेऊन या, आकडा लिहून देईन. दगड अजून मोरीतच आहे.

दांडियाबाजारकर
उद्या सकाळी गवंडी घेऊन जातो. हॉलची चावी सध्या कोणाकडे असते?