सणाच्या गर्दीत घरची म्हातारी माणसं: तुमचे अनुभव सांगा

मोरपंखी:
माळा आवरताना एक छोटी फळी सापडली. टाकणारच होते, मग आठवलं, आजीची व्हीलचेअर उंबऱ्यावरून न्यायला बाबांनी आणलेली. पहिल्या सणाला नुसती टेकवली तर इतकी खडी, की आजी म्हणाली, "त्यापेक्षा ढकलूनच द्या मला!" मग मामाने हिशोब सांगितला, इंचभर उंचीला १२ इंच लांबी. लांब फळी आली. तरी आजी रुसलेलीच. आम्ही तिला बाहेरच्या खोलीत मानाच्या जागी बसवायचो आणि सगळा दंगा स्वयंपाकघरात. लोक तोंड दाखवून पसार. तिसऱ्या वर्षी तिला थेट आत ओट्याशी नेलं. दिवसभर सगळ्यांच्या चुका काढल्या तिने. इतकी खूश!

टिंगू:
खुर्ची हातांचीच हवी, सोफा अजिबात नको. अण्णांना सोफ्यातून काढायला तिघं लागलो. एकाची कंबर गेली (माझी)

सुगरण_नाही:
बगलेत हात घालून ओढलंत ना? खांदा दुखावतो हो त्याने!! आधी त्यांना कडेला सरकू द्यायचं, पाय मागे, पुढे वाकून मग उठायचं

टिंगू:
हे कंबर जायच्या आधी सांगायचंत

अबोली:
बाबा गर्दी झाली की कानाचं मशीनच काढून ठेवायचे, सगळाच गलका कानात. आता भिंतीला पाठ करून बसवतो आणि एका वेळी एकच जण समोर. नातवंडांच्या पाळ्या लावल्यात, त्यावरूनही भांडणं. दुपारी दार लावून झोप, पाहुणे असले तरी

झोपाळू:
त्या खोलीत अजून एक गादी मावेल का

निवांत:
आईला एका सणाला चक्कर आली. आम्हाला वाटलं दगदग. नंतर कळलं, सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. सारखं बाथरूमला न्यायला कुणाला हाक मारायची, म्हणून. बाथरूमशेजारची खोली तिला दिली, रात्री दिवा चालू. एवढंच करायचं होतं. तीन वर्षं लागली आम्हाला कळायला.

मोरपंखी:
निवांत, गलबललं. आजीही बहुतेक हेच करत असणार, आम्ही विचारलंच नाही कधी

चाळिशीपार:
फळी टाकणार असाल तर मला द्या. घरात उंबराही आहे आणि माझे गुडघेही

मोरपंखी:
उंबरा किती उंच?

चाळिशीपार:
साडेतीन इंच

मोरपंखी:
मग साडेतीन फुटी लागेल, ही जेमतेम दीड

चाळिशीपार:
राहू दे मग. ढकलायला आमची ही टपलेलीच आहे